बादलीभर पाणी, साडेअकरा कोटी डॉलर

2014 चा ऑगस्ट. फेसबुक उघडले की कुणीतरी बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेताना दिसे आणि कुडकुडत तिघांची नावे घेई: आता तुमची पाळी! चोवीस तासांत बादली ओता, नाहीतर एएलएससाठी देणगी द्या. अनेकांनी दोन्ही केले.

एएलएसमध्ये स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. हातापायांतले बळ जाते, मग बोलणे, गिळणे, शेवटी श्वास. स्टीफन हॉकिंग यांना हाच आजार होता. त्यांच्या वतीने त्यांच्या मुलांनी बादल्या ओतून घेतल्या.

सुरुवातीला ही बादली कुठल्याच एका संस्थेची नव्हती. तिला एएलएसकडे वळवले पॅट क्विन आणि बॉस्टन कॉलेजच्या बेसबॉल संघाचे माजी कर्णधार पीट फ्रेट्स या दोन तरुण रुग्णांनी. आधी त्यांचे मित्र आणि नातलग भिजले, मग मित्रांचे मित्र. 29 जुलैपासूनच्या महिन्याभरात अमेरिकेतील एएलएस असोसिएशनकडे 10 कोटी डॉलर जमले. आदल्या वर्षी याच काळात जमले होते 28 लाख!

वर्गणीसाठी दारोदार हिंडलेल्याला याचे कोडे पडणार नाही. गल्लीतला ओळखीचा मुलगा पावतीपुस्तक घेऊन दारात आला की हात खिशाकडे जातो. पत्रक रद्दीत जाते. इथेही नाव घेऊन हाक मारणारा ओळखीचाच होता. हाक चारचौघांत, मुदत एका दिवसाची. हजारो 'लाइक' मिळूनही कितीतरी संस्थांची झोळी रिकामी राहते, ती बहुधा यामुळेच: त्यांच्या आवाहनात मागणाऱ्याचा चेहराच दिसत नाही.

हैदराबादच्या पत्रकार मंजुलता कलानिधी यांनी त्याच महिन्यात पाण्याच्या जागी तांदूळ आणला. बादलीभर तांदूळ गरजूला द्यायचा, फोटो टाकायचा, मित्रांना सांगायचे. पाण्यासाठी रांगा लागणाऱ्या देशात हा बदल फार शहाणपणाचा होता.

पुढच्या ऑगस्टमध्ये बादली पुन्हा निघाली, पण जमा झालेली रक्कम आधीच्या मानाने अगदी थोडी. तोवर असोसिएशनकडे आलेल्या एकूण साडेअकरा कोटींपैकी 67 टक्के संशोधनासाठी आणि 20 टक्के रुग्णसेवेसाठी ठरले होते. 2016 मध्ये 11 देशांतील 80 हून अधिक संशोधकांनी या आजाराशी जोडलेले 'एनईके1' जनुक शोधले. त्या कामात बादलीचा पैसा होता. आणखी 22 लाख डॉलर एका औषधाच्या चाचण्यांना मिळाले. 2022 मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. मोठ्या चाचणीत ते कसोटीला उतरले नाही, तेव्हा एप्रिल 2024 मध्ये कंपनीने ते बाजारातून काढून घेतले. फ्रेट्स 2019 मध्ये गेले, क्विन 2020 मध्ये. एएलएसवर पूर्ण बरे करणारे औषध अजून नाही, आणि प्रयोगशाळांना पैसा आजही लागतोच आहे.