देह कोणाचा आणि भार कोणावर?

बडनेरा जंक्शनावरून मुंबई-हावडा मार्गावरील गाड्या अहोरात्र जात असतात. धावत्या गाडींत एखाद्या उतारूचा प्राण गेला, तर मृत्यूची वर्दी पहिल्या थांब्यावर द्यावयाची असते. तो थांबा बडनेरा असेल तर येथेंच, आणि ती गाडीच्या प्रमुखानें. घरीं मृत्यु घडल्यास तोच भार कुटुंबप्रमुखावर पडतो. मुदत २१ दिवसांची. १९६९ च्या जन्ममृत्यु-नोंदणी कायद्याची ही व्यवस्था होय. अपमृत्यु असेल तर पंचनामा होईपर्यंत आप्तांना थांबावें लागतें.

प्रेत ही कोणाची मालमत्ता नव्हे. तेव्हां थोरला मुलगा किंवा भाऊ ज्याला आपला हक्क म्हणतो, तें वस्तुतः देह ताब्यांत घेऊन त्यास यथोचित गति देण्याचें कर्तव्य आहे. भाऊबंदकीचे तंटे स्मशानांत आणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

खर्चाविषयीं मात्र कायदा मोठा व्यवहारी आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या ३२० व्या कलमान्वयें, मृताच्या योग्यतेस साजेसा वाजवी अंत्यखर्च त्याच्या मिळकतींतून सर्व कर्जांच्या आधीं भागवावयाचा असतो. सावकारानें तिरडीपाशीं हिशेब मागूं नये, हाच त्याचा अर्थ!

मृताच्या इच्छेचें काय? गाडगे महाराज २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीस येत असतां वाटेंतच, वलगांवनजीक निवर्तले. आपली समाधि बांधूं नये, असें त्यांनीं सांगून ठेविलें होतें. अशी इच्छा आप्तेष्टांकडून सक्तीनें पाळवून घेणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाहीं. आणि भक्तांच्या प्रेमापुढें तर बाबांचाही इलाज चालला नाहीं. अमरावतीच्या गाडगेनगरांत त्यांची समाधि आहे.