घोड्याच्या पायातली गलोल

घोड्याला पुढच्या पायात गुडघ्याखाली मांस नसतंच म्हटलं तरी चालेल. तिथे असतात हाड, कातडी आणि मागच्या बाजूने खुरापर्यंत उतरलेल्या टणक कंडरा. (आपण ज्याला गुडघा म्हणतो, ते खरं तर घोड्याचं मनगट. खूर म्हणजे मधल्या बोटाचं नख. हा प्राणी जन्मभर नखांवर धावतो!) सगळे दणकट स्नायू वर, खांद्यात आणि पुठ्ठ्यात. पायाचं टोक हलकं असल्यामुळे तो झपाझप पुढे-मागे करायला कमी ताकद लागते.

घोडा चौखूर उधळला की एकेका पायावर क्षणभर त्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. पाचशे किलोंच्या घोड्याचा हिशेब करून पाहा. खुराच्या वरचा सांधा जमिनीकडे दबतो आणि मागची कंडरा १६ टक्क्यांपर्यंत ताणली जाते. पाय सुटताना ती आखडते आणि साठवलेली बरीचशी ऊर्जा परत देते. त्यामुळे प्रत्येक टापेला स्नायूंना नव्याने जोर लावावा लागत नाही.

मग उचललेला पाय पुढे कोण फेकतं? लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमधल्या अ‍ॅलन विल्सन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ‘नेचर’मध्ये याचं उत्तर दिलं. दंडाच्या बायसेप्स स्नायूच्या आत कंडरेचा चिवट पट्टा असतो. पाय जमिनीवर असताना तो ताणला जातो, पाय सुटताच गलोलीसारखा आखडतो. त्या क्षणी मिळणारी शक्ती तेवढ्याच वजनाच्या साध्या स्नायूच्या शंभरपटीहून जास्त असते.

याची किंमतही आहे. ताणलेली सगळी ऊर्जा परत येत नाही, थोडी उष्णता होऊन आतच राहते. भरधाव घोड्याच्या कंडरेच्या गाभ्यात ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापमान मोजलं गेलं आहे. रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे ती लवकर निवतही नाही. त्यात तुटण्याची मर्यादा फार दूर नसते. रेसच्या घोड्याचे चकचकीत पुठ्ठे पाहून लोक पैसे लावतात, पण सगळा खेळ असतो बोटाएवढ्या जाडीच्या या कंडरेवर. म्हणूनच रपेटीनंतर मोतद्दार पाय चाचपतो. एखादी जागा गरम किंवा सुजलेली लागली, तर घोडा विश्रांतीला जातो. इजा भरायला महिनोन्‌महिने लागतात, आणि तिथे तयार होणारा वण मूळ कंडरेइतका लवचीक नसतो. असा घोडा दुडक्या चालीने मजेत फिरतो, पण पुन्हा शर्यतीत उतरला तर बऱ्याचदा तीच कंडरा दुखावते.