करवंदीचे कुंपण

शेताला कुंपण हवेच. नाही तर हातचे पीक जनावरांच्या पोटात जाते. म्हणून आपण दर साली काटे तोडतो, ओढून आणतो आणि बांधावर रचतो. पावसात ते कुजतात. उरले तर वाळवी खाते. पुढच्या साली पुन्हा तीच मेहनत. शिवाय डोंगर उघडा पडतो तो वेगळाच.

मंडळी, मेलेले काटे रचण्यापेक्षा जिवंत काटे लावावेत. आपल्या शाहूवाडीच्या डोंगरात करवंदीच्या जाळ्या आहेत. आंबा घाटात त्यांना पाणी कोण घालतो? कुणीच नाही. तरी भर उन्हाळ्यात त्या हिरव्या असतात. तांबडी, दगडाळ जमीनही त्यांना चालते.

करवंद पिकते वैशाख-जेठात. लगेच मागून पाऊस येतो. बी लावायची हीच वेळ. करवंदाचे बी फार दिवस टिकत नाही. जुने बी नीट उगवत नाही. म्हणून ताजेच लावा.

ज्या जाळीची फळे मोठी व गोड, तिची पिकलेली करवंदे घ्या. ती कुस्करून बिया धुवा. एक-दोन दिवस सावलीत सुकवा. पिशव्यांत माती व कुजलेले शेणखत भरा. प्रत्येक पिशवीत दोन बिया, अर्धा इंच खोल टाका. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसू लागतात. दोन्ही उगवले तर जोमदार रोप ठेवा, दुसरे काढा.

रोप वर्षभर सांभाळा. पुढच्या मृगात ते बांधावर लावा. दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवा. शंभर फूट बांधाला पन्नास-एक रोपे लागतात. काही मरतील, म्हणून साठ पिशव्या भरा.

रोप फूटभर झाले की शेंडा खुडा. म्हणजे बाजूला फांद्या फुटतात आणि जाळी दाट होते. पहिली दोन-तीन वर्षे बाहेरून जुने काट्याचे कुंपण राहू द्या. नाही तर कोवळी रोपे तुडवली जातील.

एक गोष्ट खरी सांगितली पाहिजे. गव्यापुढे या कुंपणाचा भरवसा धरू नका. पण गाईगुरे अडतात.

आणि काट्याबरोबर फळही मिळते. कच्च्या करवंदाचे लोणचे होते. पिकलेली घरची पोरे खातात. उरलेली मलकापूरच्या बाजारात नेता येतात. वाळलेल्या काट्यांनी आजवर कुणाला फळ दिले आहे का?

यंदा करवंदे खाल, तेव्हा मूठभर बिया बाजूला ठेवा.