फुगा : दोरीचा आणि पडद्याचा

फुग्याच्या धंद्याला आपल्या बाजारात कोणी धंदा म्हणत नाही. आम्ही कापडवाले तर ताग्यांच्या आणि उधारीच्या हिशोबात गुंतलेले. पण ईदच्या मेळ्यात, उरुसात, जत्रेत बांबूला फुगे बांधून फिरणाऱ्याचे घर याच मालावर चालते. म्हणून आज दोन गोष्टी फुग्याच्या.

फुगा खेळण्यासाठी जन्मला नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी १८२४ साली हायड्रोजनच्या प्रयोगासाठी रबराचे दोन तुकडे कडेने दाबून चिकटवले, आतून पीठ लावले. पुढच्याच वर्षी थॉमस हॅनकॉक या रबर कारखानदाराने बाटलीभर रबराचा द्रव आणि पिचकारी विकायला काढली. फुगा गिऱ्हाइकाने घरी करायचा! व्यापाऱ्याची नजर म्हणतात ती हीच.

आजचा फुगा बुडवून काढतात. फुग्याच्या आकाराचे साचे आधी चीक गोठवणाऱ्या क्षारात, मग रबराच्या झाडाच्या रंगीत चिकात. पातळ थर धरला की ब्रशने तोंडाची कड गुंडाळायची, मग उष्णतेने पक्का करायचा. रंगरेजाला ही हालचाल ओळखीची वाटेल. थर कुठे पातळ राहिला की फुगा तिथेच दगा देतो. ऊन लागलेला जुना मालही असाच फुटतो, तेव्हा मोसमापुरताच माल भरावा.

पडद्यावरच्या फुग्याला ऊनही लागत नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा ‘बलून फाइट’ हा खेळ १९८४ चा. त्याचे काम करणारे सातोरू इवाता पुढे २००२ साली त्या कंपनीचे अध्यक्ष झाले. खेळगड्याला दोन फुगे बांधलेले, दुसऱ्याचे फोडायचे आणि आपले राखायचे. पाण्याजवळ खाली उतरलात तर मासा गिळतो. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायची जी यंत्रे आपल्या मुलांनी खेळली, त्यांच्या ‘अनेक खेळ एकात’ कॅसेटमध्ये हा खेळ बहुधा असायचा. त्यातल्या बऱ्याच कॅसेटी नकली. विकणाऱ्याला नफा झाला, ज्याने डोके चालवले त्याच्या हाती काय? पैठणीची नक्कल यंत्रमागावर निघते तेव्हा येवल्याच्या विणकराचे जे होते, तेच.

२००७ साली न्यूझीलंडच्या निन्जा किवी कंपनीने ‘ब्लून्स’ काढला. माकड बाण फेकते, फुगे फुटतात. एवढ्याशा कल्पनेवर कंपनी उभी राहिली आणि २०२१ मध्ये एका स्वीडिश कंपनीने ती विकत घेतली. रबर नाही, गॅस नाही, वाया जाणारा नग नाही.

आमच्या फुगेवाल्याला मात्र गॅस लागतो, आणि तिथेच जीव जातो. कॉस्टिक सोडा, ॲल्युमिनियमचे तुकडे आणि पाणी जुन्या टाकीत घालून जागेवर हायड्रोजन बनवतात. टाकी तापते, आतला दाब वाढतो, मोजायला काटा नसतो. टाकी फुटली की भोवती उभी मुलेच सापडतात. बिडी ओढणारा जवळ आला तरी पेट घेते. घाऊक दुकानदार बांधवांनी अशा टाकीसाठी सोडा देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हेलियम पेटत नाही, पण महाग. चार फुगेवाल्यांनी मिळून भरलेली टाकी घेतली, तर मेळ्याच्या दोन दिवसांत परवडू शकते. हेलियम रबरातून झिरपतो, सकाळचा फुगा रात्री खाली येतो. तेवढे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.