आधी खुराडे, मग कोंबड्या

परसातील दहा-वीस कोंबड्या ही ग्रामीण गृहिणीची हक्काची पुंजी. अंड्यांच्या पैशांतून मुलांच्या वह्या येतात, बचत गटाचा हप्ता फिटतो. मात्र ही पुंजी एका रात्रीत नाहीशी होऊ शकते. मोकाट कुत्रे भुकेपुरते मारून थांबतेच असे नाही. फडफडणाऱ्या प्रत्येक पक्ष्यावर ते झडप घालते.

हैदराबाद येथे विकसित झालेल्या ‘वनराजा’ कोंबडीला लांब पायांमुळे शत्रूपासून पळता येते. पण कोंबडीला अंधारात दिसत नाही. तेव्हा लांब पाय काय कामाचे? म्हणून दिवेलागणीपूर्वी सर्व पक्षी खुराड्यात घेऊन दाराला कडी घालावी. पातळ जाळी कुत्रे दातांनी फाडते. जाड तारेची वेल्डेड जाळी लावावी. ते कडेने माती उकरते, यास्तव फूटभर जाळी जमिनीत गाडावी. विष घालणे हा उपाय नव्हे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार तो गुन्हा आहे. २०२३ च्या नियमांनुसार कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची व लसीकरणाची मागणी स्थानिक संस्थेकडे करावी.

खर्चाचा अंदाज मांडताना पक्ष्यांच्या आधी खुराड्याची रक्कम लिहावी. कोंबड्या गेल्या तरी कर्जाचा हप्ता चुकत नाही.