इंजिनाभोवतीचे अस्तर

कल्याण-शीळ रस्त्यावरील ज्या विस्तीर्ण जागेला डोंबिवलीकर 'प्रीमियर मैदान' म्हणतात, तिच्या नावामागे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी आहे, आणि नव्वदीच्या दशकात तिच्या कल्याण येथील कारखान्यातून प्युजो ३०९ ही फ्रेंच वळणाची मोटार बाहेर पडत असे, ही गोष्ट आसपासच्या नव्या वसाहतींतील फार थोड्यांना ठाऊक असेल. कारखाना गेला, जुनी मोटार जतन करण्याचा शौक मात्र या पट्ट्यातून गेलेला नाही. मोटार कुर्ल्यात बनलेली पद्मिनी असो की दूरदेशाहून आलेली स्पोर्ट्स कार, तिच्या धन्याला आज ना उद्या एका अप्रिय कामास सामोरे जावे लागते: इंजिनाचा आवाज रोखण्यासाठी चिकटवलेले, परंतु आता कुजलेले अस्तर काढून टाकणे.

हे अस्तर दोन रीतींनी काम करते. डांबराचा जड थर पत्र्याला चिकटून त्याची थरथर आपल्यात जिरवतो, तर सच्छिद्र फोम किंवा नमदा आपल्या सूक्ष्म पोकळ्यांत ध्वनिलहरी अडकवून, हवेच्या घर्षणाने त्यांचे किंचित उष्णतेत रूपांतर करतो. तीव्र, उंच स्वर त्यात सहज विरतात. खर्जातला घुमारा मात्र बराचसा पलीकडे जातो. तेलाने किंवा पाण्याने या पोकळ्या भरल्या की फोमचा हा गुण संपतो, आणि उरते ते केवळ ओझे.

जर्मनीत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली शोधलेल्या पॉलियुरेथेनपासून पुढे जे फोम निर्माण झाले, त्यांपैकी पॉलिएस्टर जातीच्या फोमचा स्वभाव असा की, हवेतील बाष्प त्याच्या रेणूंची बंधने हळूहळू तोडीत राहते आणि काही वर्षांनी त्याचा चिकट भुगा होतो. एका बाजूस खाडी आणि चार महिने पाऊस असलेल्या ठाण्यासारख्या ठिकाणी या विघटनाला कोणत्याही ऋतूत फारशी उसंत मिळत नाही. पोर्शे ९११ या मोटारीचे उदाहरण या बाबतीत बोधक आहे. १९९८ पर्यंत हवेने थंड होणारे तिचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे बसवलेले असे. त्याच्यासमोरच्या भिंतीवरील पॅड म्हातारपणी सुटून लोंबू लागले, तर त्याचे तुकडे थेट थंडाव्याच्या पंख्यात ओढले जाण्याची भीती असते, आणि मग ज्याने मोटारीला शांत ठेवायचे तेच तिच्या तापण्यास कारण होते.

काही शौकीन 'मूळचे आहे, हात लावू नका' असा हट्ट धरतात. मला तो मान्य नाही. पत्रा, इंजिन आणि आकार ही मोटारीची ओळख. तेल पिऊन बसलेला फोम हा केवळ मुदत संपलेला माल, आणि तोही पेट घेणारा. त्याच्याखाली ओल दबून राहते व गंज नजरेआड वाढतो, म्हणून आवाजासाठी नव्हे, तर पत्र्यासाठी तो काढावा. उलट तो काढून पत्रा उघडाच ठेवायचा आणि त्या गोंगाटालाच शर्यतीचा थाट म्हणायचे, हाही प्रकार मला तितकाच बालिश वाटतो.

काम इंजिन दुरुस्तीसाठी खाली उतरवलेले असताना करणे सोयीचे. प्रथम बॅटरीची तार सोडावी, वायरिंगची छायाचित्रे घ्यावीत, कार्ब्युरेटरची तोंडे झाकावीत. सैल भाग हाताने, उरलेला प्लॅस्टिकच्या पत्तीने निघतो. धातूच्या पत्तीने घाई केली तर रंग खरवडला जाऊन नवा गंज ओढवून घेतला जातो. सरसाचे डाग टर्पेंटाइनने मऊ पडतात, मात्र एखाद्या आडकोपऱ्यात रंगावर आधी चाचणी घ्यावी. पेट्रोल वापरण्याची कल्पनाही करू नये, आणि तेलकट फोमजवळ हीट गन तर मुळीच नको. सपाट तळावरील डांबरासाठी कोरडा बर्फ हा नामी उपाय आहे: उणे ७८ अंशांच्या थंडीने डांबर ठिसूळ होते व लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी त्याच्या खपल्या उडतात. हातमोजे जाड हवेत आणि मोटारीची दारे सताड उघडी हवीत, कारण या बर्फातून सुटणारा कर्बवायू बंद जागेत प्राणघातक ठरतो.

जुन्या काही मोटारींत उष्णतारोधक थर ॲस्बेस्टॉसचे असत. तशी शंका आली तर खरवडणे तेथेच थांबवावे व तपासणी करून घ्यावी. कापडी मास्क तेथे निरुपयोगी आहे. असा कचरा सोसायटीच्या कुंडीत टाकणे हा शेजाऱ्यांवर अन्याय होय.

गंज काढून, प्रायमर सुकवून, पाणी निघण्याची छिद्रे मोकळी असल्याची खात्री करून मगच नवे अस्तर लावावे, आणि ही सारी तजवीज जूनपूर्वी उरकावी, कारण पावसाळी हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. पन्नास वर्षांवरील मोटारीला २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हीए' मालिकेतील व्हिंटेज नोंदणी मिळते; त्यासाठी सांगाडा, चौकट वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. अस्तर बदलणे हा तसा फेरफार नव्हे. नव्या पॅडला जागा व्हावी म्हणून भिंत कापण्याचा सल्ला एखाद्या गॅरेजवाल्याने दिलाच, तर तो मात्र नम्रपणे नाकारावा.