शक्ती, ऊर्जा आणि वेग : विजेवरील आलिशान सेडान व पेट्रोलवरील वेगवान मोटारी

विजेवर चालणाऱ्या आलिशान सेडान आणि पेट्रोलवर चालणाऱ्या वेगवान मोटारी यांची तुलना होते तेव्हा दोन टोकांची मते ऐकू येतात. विजेच्या गाडीने पेट्रोलची गाडी कायमची मागे टाकली, असे एक मत सांगते, तर विजेची गाडी ही खरी वेगवान मोटारच नव्हे, असे दुसरे मत मानते. दोन्ही मतांच्या मुळाशी बहुधा एकच चूक असते आणि ती म्हणजे ऊर्जा व शक्ती या दोन राशींची गल्लत. ऊर्जा म्हणजे काम करण्याची एकूण क्षमता, जी किलोवॉट-तासांत, म्हणजे वीजबिलावरील युनिटांत मोजतात. शक्ती म्हणजे ती ऊर्जा किती झपाट्याने वापरता येते याचे माप, जे किलोवॉटमध्ये किंवा अश्वशक्तीत सांगतात. टाकीत पाणी किती आहे हा एक प्रश्न आणि तिच्या तोटीतून मिनिटाला किती पाणी पडते हा दुसरा. मोटारींच्या बाबतीतही हे दोन प्रश्न वेगळे ठेवले, तर पुढील बहुतेक गैरसमज आपोआप सुटतात.

तुलनेसाठी श्टुटगार्टच्या पोर्शे कंपनीच्या दोन गाड्या विशेष उपयोगी आहेत. २०१९ मध्ये आलेली विजेवरील टायकन टर्बो एस आणि २०२० मध्ये आलेली पेट्रोलवरील पॅनामेरा टर्बो एस या दोन्ही चार दारांच्या, आलिशान आणि अतिवेगवान गाड्या असून त्या एकाच कंपनीने बनवल्या असल्यामुळे त्यांच्यातील फरक हा मुख्यतः तंत्राचा फरक ठरतो.

गैरसमज १ : विजेची गाडी आणि वेग यांचे नाते अलीकडचे आहे

वस्तुस्थिती याच्या उलट आहे. रस्त्यावरील वाहनाने ताशी १०० किलोमीटरचा टप्पा प्रथम ओलांडला तो विजेच्या बळावर. बेल्जियन चालक कामीय जेनात्झी याने २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळील आशेर येथे ‘ला जामे कोंतांत’ या टॉर्पेडोच्या आकाराच्या विद्युत वाहनातून ताशी १०५.८८ किलोमीटर वेग गाठला होता. पुढील काळात विजेची गाडी मागे पडली, ती शक्ती कमी पडल्यामुळे नव्हे, तर ऊर्जा सोबत नेण्यातील अडचणीमुळे; पेट्रोल हलके, स्वस्त आणि क्षणात भरता येणारे होते, आणि १९१२ मध्ये कॅडिलॅकने हाताने हँडल मारण्याऐवजी विद्युत स्टार्टर दिल्यावर पेट्रोलच्या गाडीची एक मोठी गैरसोयही दूर झाली.

ही अडचण आजही किती मोठी आहे, हे २०१९ च्या टायकनच्या बॅटरीवरून दिसते. तिची एकूण क्षमता ९३.४ किलोवॉट-तास आणि वजन सुमारे ६३० किलो आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळजवळ ९ किलोवॉट-तास ऊर्जा असल्याने तेवढीच ऊर्जा साधारण साडेदहा लिटर पेट्रोलमध्ये मावते, ज्याचे वजन ८ किलोही भरत नाही. मात्र याच आकड्यांची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पेट्रोल इंजिनात इंधनातील ऊर्जेचा बराच मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो आणि रोजच्या वापरात साधारण चौथ्या हिश्शाइतकीच ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते, तर विद्युत मोटर तिला मिळालेल्या ऊर्जेचा ९० टक्क्यांहून अधिक भाग गतीत बदलू शकते. म्हणूनच लिटरला १० किलोमीटर जाणारी पेट्रोलची गाडी साडेदहा लिटरमध्ये १०५ किलोमीटरच्या आसपास थांबेल, पण तेवढ्याच ऊर्जेवर टायकन टर्बो एस युरोपीय चाचणीत सुमारे ४०० किलोमीटर जाते.

गैरसमज २ : जी गाडी ताशी १०० किलोमीटर वेग आधी गाठते, ती अधिक वेगवान

स्थिर अवस्थेपासून ताशी १०० किलोमीटर वेग गाठायला टायकन टर्बो एस २.८ सेकंद घेते आणि पॅनामेरा टर्बो एस ३.१ सेकंद, परंतु कमाल वेगात टायकन ताशी २६० किलोमीटरवर थांबते, तर पॅनामेरा ३१५ पर्यंत जाते. या विसंगतीचे कारण मोटरच्या रचनेत आहे. आसाला फिरवणाऱ्या जोराला टॉर्क म्हणतात. पेट्रोल इंजिनाला तो पुरेसा निर्माण करण्यासाठी मिनिटाला काही हजार फेरे गाठावे लागतात, तर विद्युत मोटर पहिल्या क्षणापासूनच पूर्ण टॉर्क देते. पण मोटरचे फेरे वाढत जातात तसतसा तिच्याच वेटोळ्यांत, पुरवठ्याच्या विरुद्ध दिशेने काम करणारा विद्युतदाब निर्माण होतो, त्यामुळे वरच्या वेगात टॉर्क घटत जातो. बहुतेक विद्युत गाड्यांना एकच गिअर असतो, म्हणून ही घट भरून काढणे अवघड जाते. टायकनच्या मागील आसावर दोन गिअरची पेटी बसवण्यामागे हेच कारण आहे.

प्रसिद्ध होणारे सेकंदही सर्वत्र सारख्या पद्धतीने मोजलेले नसतात. टेस्लाने २०२१ च्या मॉडेल एस प्लेडसाठी १.९९ सेकंदांचा दावा केला, पण तो ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर वेगासाठी होता आणि त्यात अमेरिकी ड्रॅग शर्यतींच्या प्रथेप्रमाणे गाडी पहिला एक फूट सरकेपर्यंतचा वेळ वगळलेला होता. प्लेडचा वेग असामान्य आहे यात वाद नाही. परंतु वेगवेगळ्या मोजपट्ट्यांचे आकडे शेजारी मांडले की तुलना चुकते.

गैरसमज ३ : अश्वशक्तीचा आकडा दोन्हीकडे एकाच अर्थाचा असतो

पेट्रोल इंजिनाची कमाल अश्वशक्ती, ते थंड ठेवण्याची व्यवस्था नीट असेल तर, बराच काळ मिळत राहते. विद्युत गाडीचा मोठा आकडा मात्र बहुधा थोड्या वेळापुरता असतो, कारण अतिशय मोठा प्रवाह वाहताना बॅटरी, मोटर आणि त्यांच्यामधील इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीच्या एकदिश प्रवाहाचे मोटरसाठी प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारे उपकरण, ही सर्व वेगाने तापतात आणि संगणक त्यांच्या रक्षणासाठी शक्ती कमी करतो. टायकन टर्बो एसच्या बाबतीत हा फरक कंपनीनेच स्पष्ट सांगितला आहे : तिची नेहमीची शक्ती ६२५ अश्वशक्ती असून ७६१ हा आकडा उभ्या गाडीपासून झेप घेण्याच्या विशेष व्यवस्थेत काही क्षणांपुरता मिळतो. पॅनामेरा टर्बो एसची शक्ती ६३० अश्वशक्ती असल्याने टिकाऊ शक्तीच्या हिशेबात या दोन गाड्या जवळपास सारख्याच ठरतात.

मात्र यावरून विद्युत गाडी एका झेपेनंतर दमते असा निष्कर्ष काढणेही चूक आहे. टायकन बाजारात येण्यापूर्वी तिचा नमुना एका धावपट्टीवर ताशी शून्य ते २०० किलोमीटर या वेगासाठी सलग २६ वेळा धावला आणि त्यांतील सर्वांत जलद व सर्वांत मंद धावेत केवळ ०.८ सेकंदाचा फरक पडला. टायकनच्या ८०० व्होल्टच्या प्रणालीचा येथे उपयोग होतो, कारण विद्युतदाब दुप्पट केला की तितक्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा पुरतो, आणि तारांत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने ती त्याच तारांत चौथ्या हिश्शावर येते.

गैरसमज ४ : जड विद्युत गाडी वळणांवर निरुपयोगी असते

बॅटरीचे ओझे खरे आहे; टायकन टर्बो एसचे वजन सुमारे २,२९५ किलो, तर पॅनामेरा टर्बो एसचे सुमारे २,०८० किलो आहे. परंतु बॅटरी जमिनीलगत पसरलेली असल्याने गाडीचा गुरुत्वमध्य खाली राहतो आणि वळणावर ती कमी झुकते. शिवाय पुढील व मागील मोटरांचा टॉर्क सेकंदाच्या अत्यल्प भागात कमी-जास्त करता येतो. जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंगच्या २०.८३२ किलोमीटर लांबीच्या डोंगराळ फेरीत पॅनामेराने २०२० मध्ये ७ मिनिटे २९.८१ सेकंदांची वेळ नोंदवली आणि टायकन टर्बो एसने २०२२ मध्ये ७ मिनिटे ३३ सेकंदांच्या आसपासची; सुमारे २१५ किलो अधिक वजन वागवूनही फरक चार सेकंदांहून कमी राहिला.

त्याच वेळी वजनाची किंमत शून्य झाली असेही नाही. पोर्शेचीच ९११ जीटी३ आरएस ही पेट्रोलवरील गाडी अवघ्या ५२५ अश्वशक्तीवर, पण सुमारे १,४५० किलो वजनाच्या बळावर, तीच फेरी २०२२ मध्ये ६ मिनिटे ४९.३२८ सेकंदांत पूर्ण करू शकली. हजाराहून अधिक अश्वशक्तीच्या आणि मागील आसने काढलेल्या टायकन टर्बो जीटीला २०२३ मध्ये ७ मिनिटे ७.५५ सेकंद लागले. ९११ ही दोन दारांची, शर्यतीच्या जवळची गाडी असल्यामुळे ही तुलना समान वर्गातील नव्हे; तरी ब्रेक मारताना आणि वळताना गाडीचे वस्तुमान किती मोजावे लागते, हे तिच्यातून दिसते.

पेट्रोलची वेगवान सेडान हलकीच असते, हे गृहीतकही आता टिकत नाही. २०२४ ची बीएमडब्ल्यू एम५ ही आठ सिलिंडरच्या इंजिनाला विद्युत मोटर व बॅटरीची जोड देणारी ७२७ अश्वशक्तीची गाडी असून तिचे वजन सुमारे २,४३५ किलो, म्हणजे पूर्णतः विजेवरील टायकन टर्बो एसपेक्षाही जास्त आहे.

गैरसमज ५ : प्रमाणपत्रावरील अंतर म्हणजे प्रवासात मिळणारे अंतर

या प्रश्नाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. मर्सिडीज-बेंझच्या ईक्यूएस ५८० या विजेवरील आलिशान सेडानची जुळणी २०२२ मध्ये पुण्याजवळील चाकण येथे सुरू झाली आणि भारतीय चाचणीत तिला एका चार्जिंगमध्ये ८५७ किलोमीटर हा आकडा मिळाला. युरोपीय चाचणीत त्याच गाडीचा आकडा सुमारे ६७५ किलोमीटर आहे. दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत, पण चाचणीचे वेग निराळे आहेत : भारतीय चाचणीचक्रात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो, तर युरोपीय चक्रात तो १३१ पर्यंत जातो.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी ८० ऐवजी १२० किलोमीटर वेगाने जाताना हवा कापण्यासाठी दर किलोमीटरला सव्वादोनपट ऊर्जा लागते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांब आहे. ८५७ हा आकडा पाहून तो एका चार्जिंगमध्ये सहज पार होईल असे वाटते, परंतु तेथील १२० च्या कमाल वेगमर्यादेला धरून सतत गाडी चालवणाऱ्याने वाटेत एकदा चार्जिंगसाठी थांबण्याची तयारी ठेवणेच शहाणपणाचे. पेट्रोलच्या गाडीचा अनुभव येथे बराचसा उलटा असतो, कारण तिचे इंजिन शहरातील थांबत-थांबत चालण्यात सर्वाधिक इंधन वाया घालवते आणि महामार्गावरील मध्यम, स्थिर वेगात अधिक कार्यक्षम होते. विजेची गाडी मात्र शहरात ब्रेक लावताना मोटरचा जनित्रासारखा उपयोग करून काही ऊर्जा बॅटरीत परत भरते. पोर्शेच्या मते रोजच्या वापरातील सुमारे ९० टक्के ब्रेकिंग टायकन अशाच प्रकारे करते.

गैरसमज ६ : वीज कोळशापासून येत असल्याने प्रदूषणात फरक नाही, किंवा विजेची गाडी प्रदूषणमुक्तच असते

भारतीय परिस्थितीत ही दोन्ही विधाने चुकीची ठरतात. देशातील वीजनिर्मितीत एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मोठ्या विद्युत सेडानला १०० किलोमीटरसाठी २० युनिट लागतात असे धरले आणि चार्जिंग व वीजवहनातील गळती मिळवली, तर हा भार १८ किलोच्या आसपास जातो. लिटरला १० किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोल गाडीतून तेवढ्याच अंतरात सुमारे २३ किलो वायू बाहेर पडतो आणि तेल काढणे, शुद्ध करणे व वाहून आणणे यांचा वाटा धरला तर तो २७ ते २८ किलो होतो.

म्हणजे विजेच्या गाडीचा लाभ दर १०० किलोमीटरला साडेनऊ किलोच्या आसपास आहे; पण तिची सुरुवातच कर्जाने होते. आयव्हीएल या स्वीडनमधील पर्यावरण संशोधन संस्थेने २०१९ मध्ये बॅटरीच्या प्रत्येक किलोवॉट-तासामागे निर्मितीत ६१ ते १०६ किलो उत्सर्जन होते असा अंदाज मांडला. ईक्यूएसच्या १०७.८ किलोवॉट-तासांच्या बॅटरीला तो लावला, तर साडेसहा ते साडेअकरा टनांचा भार निघतो, जो भारतीय विजेवर फिटण्यास साधारण ७० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर लागतील. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच धावणाऱ्या, हौसेने बाळगलेल्या गाडीच्या बाबतीत हा हिशेब दीर्घकाळ उणेच राहतो. रोज लांब अंतर कापणाऱ्या किंवा घरच्या सौरविजेवर चार्ज होणाऱ्या गाडीचा तो खूप लवकर जमेत येतो. शिवाय शहरातील रस्त्यावर, माणसांच्या श्वासाच्या उंचीवर धूर सोडला जात नाही, हा लाभ पहिल्या दिवसापासून मिळतो.

निवड कशाच्या आधारे करावी

विद्युत मोटरचे बळ शक्तीत आहे : ती तत्काळ, नेमकी आणि फारच थोडी नासाडी करून मिळते. पेट्रोलचे बळ ऊर्जेच्या साठ्यात आहे : तो हलका असतो, काही मिनिटांत भरता येतो आणि सततच्या उच्च वेगाला दीर्घकाळ पुरतो. इंजिनाचा आवाज, गिअर बदलताना जाणवणारी लय आणि फेऱ्यांबरोबर चढत जाणारा जोर यांची ओढ हा आवडीचा भाग आहे व तो पूर्णपणे रास्त आहे. परंतु आवड ही वस्तुस्थिती म्हणून मांडली जाऊ नये, तसेच जाहिरातीतील एक आकडा म्हणजे संपूर्ण कामगिरी असेही मानले जाऊ नये. कोणताही आकडा समोर आला की तो कोणत्या वेगापर्यंतचा, किती वेळ टिकणारा आणि कोणत्या चाचणीत मिळालेला, हे विचारणे आवश्यक आहे. दीड-दोन कोटींची गाडी घेणाऱ्याला या प्रश्नांची उत्तरे मिळालीच पाहिजेत, आणि ती गाडी ज्या शहरातून धावते तेथील हवा सर्वांची असल्यामुळे, ती कधीही न घेणाऱ्या वाचकालाही हे प्रश्न विचारण्याचा तितकाच अधिकार आहे.